हत्तीरोगाचा पाय घरी कसा सांभाळायचा: रोजचा क्रम आणि नेहमीच्या चुका

आईचा डावा पाय मी गेली नऊ वर्षं रोज धुते. त्यातली पहिली दोन वर्षं चुकीची गेली. पाणी चांगलं गरम घ्यायचे, भेगांवर हळद दाबायचे आणि पाय ओला असतानाच तिला चप्पल घालून द्यायचे. दर पावसाळ्यात तिला तीन-चार वेळा हुडहुडी भरून ताप यायचा, जांघेत अवधान (दुखरी गाठ) यायचं. ताप उतरायचा, पण पाय आधीपेक्षा थोडा जाडच राहायचा. मग आरोग्य केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने आमच्या न्हाणीत बसून सगळं करून दाखवलं. माझ्या मेहनतीत काही कमी नव्हतं. पाणी, क्रम आणि शेवटचं कोरडं करणं, या तीन गोष्टी चुकत होत्या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या धानाच्या पट्ट्यात हत्तीपायाचे रुग्ण गावोगाव आहेत. नांदेड, सोलापूरकडेही आहेत. ओळखीपाळखीतून माणसं विचारायला येतात आणि जवळपास सगळे त्याच चुका सांगतात. म्हणून सगळा क्रम एकदा सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात करण्याआधी एवढं समजून घ्या. हत्तीरोगाचे जंतू क्युलेक्स जातीच्या डासातून येतात. सुतासारखे बारीक कृमी शरीरातल्या लसीकावाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि त्या वाहिन्या निकामी करतात. मग पायातलं पाणी वर खेचलं जात नाही, ते साचतं आणि सूज येते. पण सूज आल्यानंतर पाय जो वाढत जातो, त्याला मुख्यतः कारण ठरतात साधे जिवाणू. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेची भेग, खाजवून निघालेलं साल, अशा वाटांनी ते आत शिरतात. साचलेल्या पाण्यात त्यांना अडवणारं कुणी नसतं. ताप येतो आणि प्रत्येक तापाबरोबर कातडी जाड होते. म्हणून रोजच्या निगेचा सगळा भर कातडी अखंड ठेवण्यावर आहे. हत्तीरोगाच्या गोळ्यांनी रक्तातली कृमींची पिल्लं मरतात, पण सुजलेला पाय त्यांनी पूर्ववत होत नाही. ही निगा मात्र नेटाने केली तर ताप येणं खूप कमी होतं आणि सुरुवातीच्या टप्प्यातली सूज उतरतेही.

## १. आधी खात्री करा

सुजलेला प्रत्येक पाय हत्तीरोगाचा नसतो. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारातही पाय सुजतात. अशी सूज सहसा दोन्ही पायांना सारखी येते. हत्तीरोगात बहुधा एक पाय जास्त जाड असतो आणि जुन्या तापांची, अवधानाची हकीकत असते. पोटरीत अचानक दुखू लागून एकाच दिवसात पाय सुजला असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी घरी काहीही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्त तपासायचं असेल तर वेळ सांभाळा. या कृमींची पिल्लं दिवसा खोल रक्तवाहिन्यांत असतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. त्यामुळे काचेवर घेण्याचं रक्त रात्री साडेआठनंतर घेतात. दुपारी रक्त देऊन ‘काही निघालं नाही’ असा कागद घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या कागदाला अर्थ नाही. पट्टीवरची तपासणी असते ती दिवसाही चालते. मात्र जुन्या हत्तीपायात दोन्ही तपासण्यांत काही न निघणं नेहमीचंच आहे, कारण तोवर कृमी बहुधा मेलेले असतात. डॉक्टर अशा वेळी पाय पाहून आणि हकीकत ऐकून निदान करतात.

तपासा: मधुमेह आहे का? नसल्याची खात्री नसेल तर साखर तपासून घ्या. मधुमेह असेल तर पायाला चटका किंवा काटा लागलेला कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. खालचा क्रम तोच राहतो, पाहणी मात्र दुप्पट काळजीने करायची.

आणखी एक. हा रोग शिवल्याने होत नाही. सुजलेला पाय धुणाऱ्याला, त्या माणसाच्या ताटात जेवणाऱ्याला काहीही होत नाही. आमच्याकडे एका सुनेला तिच्या माहेरच्यांनी सासूचा पाय धुऊ दिला नव्हता. त्या म्हातारीचा हात पावलापर्यंत पोचत नसे.

## २. सामान आधी मांडून ठेवा

अर्धा पाय धुऊन झाल्यावर टॉवेल शोधायला उठलं की कोरडं करणं राहतं. म्हणून पाणी घेण्याआधी हे सगळं हाताशी ठेवा:

- पाय ठेवायला पसरट टब आणि एक मग
- दोन बादल्या स्वच्छ पाणी, साधं, न तापवलेलं
- अंगाचा साधा साबण, जितका कमी वासाचा तितका बरा
- मऊ सुती कापडाचे दोन तुकडे. जुन्या लुगड्याचं किंवा धोतराचं कापड उत्तम
- बोटांच्या बेचक्यात घालायला गॉज किंवा त्याच कापडाच्या पट्ट्या
- डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम आणि जखमेचं मलम
- रुग्णाला बसायला खुर्ची किंवा उंच स्टूल, आणि भरपूर उजेड

हत्तीरोगाच्या रुग्णांना टब, मग, टॉवेल, साबण आणि मलम असा संच सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत देतात. मिळाला नसेल तर आशाताईंकडे नाव नोंदवलं आहे का, ते आधी विचारा. नाव यादीत नसेल तर संच येत नाही. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

कापड रोज साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. कालचं दमट कापड आज वापरलं तर बुरशी पुन्हा पायावरच येते. हे कापड घरात इतर कशालाही वापरू नका.

इशारा: संचात नसलेल्या गोष्टी यात घालू नका. पाण्यात फिनेल, जास्तीचं जंतुनाशक, मीठ, तुरटी काही नको. प्लॅस्टिकचा ब्रश, घासणी, वजरी तर न्हाणीत ठेवूच नका. हात पुरतो.

## ३. पाय पाहा, मग मोजा

धुण्याआधी उजेडात पाय पूर्ण पाहायचा. माझा क्रम ठरलेला आहे: गुडघ्यापासून खाली, पुढून, मागून, घड्या उघडून, मग प्रत्येक बेचकं, शेवटी तळवा आणि टाच. बोटं सुजून एकमेकांना चिकटलेली असतात. ती हलक्या हाताने एकेक वेगळी करून आत पाहावं लागतं. आत कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सुटत असलेली दिसली किंवा आंबूस वास आला, तर त्या चिखल्या आहेत. दुखत नसल्या तरी त्या वाटेने जिवाणू आत जातातच. आईला आलेल्या तापांपैकी बहुतेकांची सुरुवात करंगळीजवळच्या बेचक्यातून झाली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

दिसलेलं लक्षात ठेवा: भेग कुठे, बेचकं कितवं, ओल कुठल्या घडीत. मलम तिथेच लावायचं आहे.

मोजमाप महिन्यातून एकदा पुरे. सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर, पाय खाली सोडण्याआधी, शिंप्याच्या टेपने दोन ठिकाणी मोजा: घोट्याच्या वर चार बोटं, आणि पोटरी सर्वांत जाड असेल तिथे. दर वेळी तीच जागा हवी, म्हणून तळव्यापासूनची उंची वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या पायाचंही माप घ्या. संध्याकाळचं माप सकाळच्या मापाशी ताडून पाहू नका, दिवसभरात सूज वाढतेच.

तपासा: रात्रभर झोपून उठल्यावर सूज पूर्ण जाते का? जात असेल तर रोग पहिल्या टप्प्यात आहे आणि पुढचा क्रम कसून पाळला तर फायदा सर्वांत जास्त दिसेल. सूज राहत असेल, घड्या पडल्या असतील, गाठी आल्या असतील, तरीही हाच क्रम आहे. वेळ जास्त द्यावा लागतो, एवढंच.

## ४. धुणं

१. स्वतःचे हात साबणाने धुवा. नखं वाढलेली असतील तर आधी कापा.

२. पाणी कोपरावर ओतून पाहा. गार किंवा कोमट चालेल, ऊन लागलं तर नको. रुग्णाच्या पायाला विचारून ठरवू नका, सुजलेल्या कातडीला चटका उशिरा कळतो. गरम पाण्याने बरं वाटतं हे खरं, पण उष्णतेने पायात रक्त जास्त येतं आणि सूज वाढते. विदर्भातल्या थंडीतही कोमटच्या पुढे जाऊ नका.

३. गुडघ्यापासून पाणी ओता. साबण आधी हातावर घोळवून फेस करा आणि फेस पायाला लावा. वडी थेट पायावर घासली की गाठींवरची पातळ कातडी निघते.

४. वरून खाली या. पावलाकडून सुरुवात केली तर बेचक्यातली घाण आपणच वर नेतो. पोटरी, घोटा, पाऊल, मग तळवा असा क्रम ठेवा.

५. घड्या. हत्तीपायाच्या घडीत बोट जाईल एवढी खोली असू शकते. एका हाताने घडी उघडा, दुसऱ्या हाताच्या बोटाला फेस लावून आत फिरवा. बोट जात नसेल तर कापडाची पट्टी फेसात भिजवून घडीतून इकडून तिकडे हळूच ओढा.

६. बेचकी सर्वांत शेवटी, पण सर्वांत सावकाश. प्रत्येक बेचक्यात पट्टी घालून दोन-तीनदा फिरवा. पाच बोटांची चार बेचकी, ती मोजून करा. घाई असली की करंगळीचं बेचकं हमखास सुटतं.

७. मगने पाणी ओतत राहा, टबात पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. फेस घडीत राहिला तर खाज सुटते, खाजवलं की साल निघतं.

८. दुसरा पाय धडधाकट असला तरी त्याच पद्धतीने धुवा. लसीकावाहिन्यांचं नुकसान तिथेही झालेलं असू शकतं, फक्त सूज आलेली नसते.

नऊ बाळंतपणं काढलेल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘तान्ह्या लेकराची मान धुतो तशी बोटं धू.’ मला सापडलेली हीच सर्वांत नेमकी सूचना.

इशारा: टबात पाय अर्धा-पाऊण तास भिजत ठेवू नका. कातडी फुगते, मऊ पडते आणि बेचक्यात फाटते. धुणं दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं पाहिजे. दिवसातून एकदा पुरे; वास येत असेल किंवा जखमा असतील तर सकाळ-संध्याकाळ.

## ५. कोरडं करणं

धुण्याला जेवढा वेळ लागला, तेवढा इथे द्या. घाई करायची तर धुताना करा, इथे नको. ओला राहिलेला पाय न धुतलेल्या पायापेक्षा वाईट, कारण साबणाने वरची तेलकटी गेलेली असते आणि ओलीत बुरशी एका रात्रीत वाढते.

कापड पायावर टेकवा, दाबा, उचला. ओढून पुसू नका. वरून खाली याच. पहिलं कापड भिजलं की दुसरं घ्या. घड्या उघडून आत कापडाचं टोक टेकवा. बेचक्यात सुकी पट्टी घालून क्षणभर धरा, काढा, आणि पट्टी ओलसर लागते का ते बोटांनी पाहा. लागत असेल तर पुन्हा सुकी पट्टी घाला.

त्यानंतर बोटं फाकवून पाय पाच मिनिटं वाऱ्यावर ठेवा. पंखा चालेल. केस वाळवायचं यंत्र, शेकोटी, चुलीची धग यांपैकी काहीही नको.

तपासा: बेचक्यात घातलेली शेवटची पट्टी पूर्ण कोरडी बाहेर आली का? आली नाही तर मलमाची डबी उघडू नका.

## ६. मलम कुठे, किती

आता पाहणीत लक्षात ठेवलेल्या जागा काढा.

चिखल्यांवर बुरशीचं मलम, पातळ थर, बेचक्याच्या दोन्ही बाजूंना. वर गॉजची छोटी घडी ठेवा म्हणजे दोन बोटं एकमेकांना लागत नाहीत. चिखल्या दिसेनाशा झाल्या तरी मलम लगेच बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. चार दिवसांत थांबवलं की आठव्या दिवशी त्या परत येतात.

भेगेवर, खरचटलेल्या जागी जखमेचं मलम. खोल भेग असेल तर वर स्वच्छ कापडाची सैल पट्टी. चिकटपट्टी लावू नका, काढताना कातडीसकट निघते.

कातडी कुठे कोरडी पडून पांढरी, खवल्यांसारखी झाली असेल तर तिथे थोडं व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल. बेचक्यात तेल कधीच नको.

माणसं कशाकशाची मलमं करतात त्याची यादी मोठी आहे: बिब्बा, चुना-हळद, कवडी जाळून तिची राख, गाईचं शेण. बिब्ब्याने कातडी जळते. मी एका पायावर हाताच्या पंजाएवढा भाजलेला डाग पाहिला आहे, आणि तो भरायला तीन महिने लागले. डाग देणं, जळवा लावणं, ब्लेडने चिरून ‘पाणी काढणं’ हे तर सरळ जिवावर बेतणारं आहे. गाठी आणि मस्से स्वतः कापू नका. पायाची नखं सरळ कापा, कोपरे खोल उकरू नका.

## ७. पाय वर ठेवणं

पाणी उताराकडे जातं, तसंच पायातलं. दिवसा बसताना पाऊल कमरेच्या उंचीला येईल असं स्टूल समोर घ्या. गुडघा किंचित वाकलेला असू द्या, त्याखाली उशी द्या. जमिनीवर बसणाऱ्यांनी पाय पसरून खाली गोधडीची घडी घ्यावी. मांडी घालून तासन् तास बसणं टाळा.

रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट ठेवा. नुसती पावलाखाली उशी घेतली तर झोपेत ती घसरते आणि मध्यरात्रीनंतर पाय सपाट असतो. जमिनीवर झोपत असाल तर गादीच्या खाली, पायथ्याकडे, दुमडलेली वाकळ घाला.

इशारा: हृदयाचा आजार असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय उंच करू नका. पायातलं पाणी एकदम वर आलं तर हृदयावर ताण येतो.

## ८. व्यायाम

पोटरीचा स्नायू आवळला की पाणी वर ढकललं जातं. तीन साधे प्रकार पुरतात. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, पुन्हा खाली. खुर्चीत बसून पाऊल घोट्यात गोल फिरवायचं, दोन्ही बाजूंनी. पडल्या पडल्या पंजा पुढे ताणायचा, मग आपल्याकडे ओढायचा. प्रत्येक प्रकार पाच वेळा करून सुरुवात करा आणि पंधरापर्यंत न्या, दिवसातून दोन-तीन वेळा. चालणं चांगलंच. ताप आला असेल तेव्हा मात्र सगळा व्यायाम बंद.

मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून स्वतःच गुंडाळायची पद्धत आहे, ती सोडा. घोट्याशी सैल आणि पोटरीशी घट्ट बसलं तर खालचं पाणी खालीच अडकतं. पट्टा बांधायचा तर तो शिकलेल्या माणसाकडून बांधून घ्या आणि बांधायची रीत शिकून घ्या.

## ९. चप्पल, जोडवी आणि रोवणी

चप्पल रुंद, सपाट, बोटांना हवा लागेल अशी आणि पट्टे सैल करता येतील अशी. अंगठ्याजवळ खुंटी असलेली चप्पल नेमक्या त्याच बेचक्याला घासते. अनवाणी घरातसुद्धा नको.

जोडव्यांबद्दल बोलताना बाया गप्प होतात, म्हणून स्पष्ट लिहिते. सुजलेल्या बोटातलं जोडवं म्हणजे आवळलेली दोरी, आणि त्याच्याखाली कायम ओल. जोडवी, पैंजण, पायातला काळा दोरा काढून ठेवा. आईने जोडवी काढायला वर्ष लावलं. अखेर ती तिने देवघरात ठेवली, आणि त्यानंतर त्या बोटाखालची जखम पहिल्यांदा भरली.

रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) दिवसांत दिवसभर बांधीतल्या चिखलात उभं राहावं लागतं आणि ते टाळणं प्रत्येकीच्या हातात नाही. तरी एवढं करा: पायाला उघडी भेग किंवा चिखल्या असतील त्या दिवशी बांधीत उतरू नका, पऱ्हे (धानाची रोपं) खणून देणं किंवा पेंढ्या बांधणं असं काठावरचं काम मागून घ्या. उतरायचंच तर आधी बेचक्यांना व्हॅसलिनचा थर द्या. शेतातली ही एक वेळ सोडून बेचक्यात तेलकट काही नको, हे वर सांगितलंच आहे. बाहेर आल्याबरोबर पायावर स्वच्छ पाणी घ्या. घरी आल्यावर पूर्ण धुणं आणि पूर्ण कोरडं करणं, जेवणाच्या आधी.

## १०. ताप आला तर

पाय लाल, गरम, ठणकणारा, हुडहुडी, जांघेत दुखरी गाठ. आमच्याकडे म्हणतात, अवधान आलं. इथे क्रम बदलतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

१. झोपवा. पाय उशीवर उंच ठेवा. चालणं, व्यायाम, कामं बंद.

२. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड पायावर ठेवा, गरम झालं की बदला. शेकू नका. रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायची सवय घरोघरी आहे. याच दिवसांत ती सर्वांत घातक ठरते. चोळू नका, मालिश नको, कुठलाही लेप नको.

३. पाणी, ताक, पेज भरपूर द्या. तापासाठी पॅरासिटामॉल.

४. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हा जिवाणूंचा ताप आहे, त्यामुळे प्रतिजैविक लागतं, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं पायाचं नुकसान कमी. दोन दिवसांत बरं वाटलं तरी गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

५. ठणका सोसवेल इतका कमी झाला की गार पाण्याने अगदी हलक्या हाताने पाय धुवा आणि टिपून घ्या. ‘तापात पायाला पाणी लावायचं नाही’ ही समजूत चुकीची आहे. वाट मोकळी राहिली तर जिवाणू येतच राहतात.

६. ताप उतरल्यावर शोध घ्या: कुठून शिरले? बेचकं, भेग, नखाचा कोपरा, डास चावून खाजवलेली जागा. सापडेपर्यंत पाहा आणि वहीत तारखेसकट लिहा. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की आपल्या माणसाची कमजोर जागा कळते.

इशारा, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या: माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतो, दम लागतो, उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नाही, पायावर फोड आले, कातडी काळी-निळी पडली किंवा पू आला, औषध सुरू करून दोन दिवस झाले तरी ताप हटत नाही.

## ११. घरातले बाकीचे

सुजलेल्या पायाच्या माणसाकडून आता बहुधा रोग पसरत नाही. पसरतो तो वरून ठणठणीत दिसणाऱ्या, पण रक्तात पिल्लं असणाऱ्या माणसाकडून. म्हणून सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या घरातल्या सगळ्यांनी घ्यायच्या असतात. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं वगळतात. बाळंतपण नुकतंच झालं असेल तर तसं सांगा. डीईसी या हत्तीरोगाच्या औषधाच्या गोळ्या वयाप्रमाणे: २ ते ५ वर्षं १०० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षं २००, १५ वर्षांपुढे ३००. सोबत अल्बेंडाझोलची एक गोळी, ती चावून. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही देतात, ते उंची मोजून. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना देत नाहीत.

चुका दोन. गोळ्या उपाशीपोटी घेणं, आणि ‘नंतर घेतो’ म्हणून फळीवर ठेवणं. जेवून, कर्मचाऱ्याच्या समोरच गिळा. नंतर काहींना डोकं दुखतं, कणकण येते, गरगरतं. रक्तातली पिल्लं मरताना हा त्रास होतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत जातो. असा त्रास झालेल्या माणसाच्या रक्तात पिल्लं असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे पुढच्या वर्षी त्याने तर गोळ्या चुकवूच नयेत.

डासाचं म्हणाल तर क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो: तुंबलेली नाली, शोषखड्डा, संडासाची टाकी. फ्रीजमागचं पाणी फेकणं डेंग्यूच्या डासासाठी ठीक आहे, हा डास त्याने कमी होत नाही. संडासाच्या टाकीचा हवेचा पाइप छपरावर उघडा असतो. त्याच्या तोंडाला बारीक जाळी किंवा जुन्या मच्छरदाणीचं कापड तारेने बांधा. टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. रात्री मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. आईची मच्छरदाणी मी मुद्दाम मोठी शिवून घेतली आहे, कारण पायथ्याशी विटा ठेवल्यावर खाट उंच होते आणि नेहमीच्या मापाची जाळी तिथे खोचायला पुरत नाही.